मंतरलेली माणसं घडवताना: डोहकरांना कल्ले द्यावेत का?

सांजवेळ:
नमस्कार मंडळी. कादंबरीसाठी एक बेटांचं राज्य रचते आहे. तिथल्या राणीने तीनशे वर्षांपूर्वी खोल पाण्यातले मोती काढायला मांत्रिकिणीकडून चाळीस बायका-पुरुष ‘बदलून’ घेतले. त्यांचे वंशज म्हणजे डोहकर, आज चार हजारांची वस्ती. मानेवर कल्ले, बोटांत पडदे, डोळे मोठे. कागदावर छान दिसतं, पण प्रसंगांत हे लोक गॅदरिंगला माशाचा पोशाख चढवून आलेल्या शेजाऱ्यांसारखे वाटतात. कल्ले आहेत, पण त्यामुळे त्यांच्या आयुष्यात काहीच वेगळं घडत नाही.
तर जादूने बदललेला समाज आतून पटेल असा कसा रचायचा? कल्ले ठेवू की काढू? आणि डोहकराने बाहेर लग्न केलं तर मूल कसं होईल?

कोरडवाहू:
डोहकर! धरणात जमीन गेलेल्यांचं आडनाव वाटतंय. पुनर्वसन झालं का? (दिवे घ्या.)

घोरपड:
कल्ले काढा. हिशेब मांडतो, मग ठरवा.
स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो, वजनात साडेतीनशे मिलिग्रॅम. समुद्राच्या एक लिटर कोमट पाण्यात तो असतो फार तर सात मिलिग्रॅम. म्हणजे शेवटच्या कणापर्यंत शोषला तरी मिनिटाला ५० लिटर पाणी कल्ल्यांतून जायला हवं. मासेही सगळा शोषत नाहीत. पाऊण भाग शोषला तर पाणी ६५ लिटरच्या पुढे. पोहताना, शिंपले उपटताना गरज सहज आठ-दहा पट होते. गच्चीवरची पाचशे लिटरची टाकी दर मिनिटाला मानेतून रिकामी झाली पाहिजे. हे दोन चिरांचं काम नाही.
पण खरी मेख उष्णतेत आहे. कल्ल्यात रक्त आणि पाणी यांच्यामध्ये अगदी पातळ पडदा असतो. ऑक्सिजन आत येतो त्याच वाटेने ऊब बाहेर जाते. शरीर ३७ अंश, समुद्र २७ अंश. ६५ लिटर पाणी दहा अंशांनी तापवायला ६५० किलोकॅलरी लागतात, त्याही दर मिनिटाला. स्वस्थ माणूस मिनिटाला निर्माण करतो सव्वा. म्हणूनच बहुतेक मासे पाण्याइतकेच थंड असतात. ट्यूनासारखे मोजके मासे स्नायूंची ऊब राखतात, ती रक्तवाहिन्यांच्या खास जाळ्यामुळे: बाहेर जाणारं गरम रक्त आत येणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच ऊब देतं. तुमच्या डोहकराचा मेंदू २७ अंशांवर आला तर तो मोती काढणार नाही, बेशुद्ध पडेल.

ताकाला_जाऊन:
अहो, जादू आहे ना? मग लिटर कशाला मोजताय? मांत्रिकिणीने फुंकर मारली, कल्ले आले, ते गरम राहतात. विषय संपला. उद्या गरुडाच्या पाठीवर बसलेल्या विष्णूचं वजन विचाराल.

घोरपड:
विचारणार नाही, कारण गरुड भाड्याने मिळत नाही. डोहकर रोज कामाला जातात. ज्याने रोजचं पोट भरायचं, त्याचा हिशेब लागतो.

नकाशेवाला:
@ताकाला_जाऊन, जादूला हिशेब नसतो हे आपल्याकडच्याच कथांना मान्य नाही. शाप आला की उःशाप आलाच, आणि त्यात अटी असतात. सुद्युम्न राजाची गोष्ट बघा. शंकराच्या त्या वनात पाऊल टाकणारा पुरुष स्त्री होतो. राजा इला नावाची स्त्री झाला, बरोबरचे लोक बदलले आणि भागवतात तर घोड्याचीसुद्धा घोडी झाली. म्हणजे जादू माणसावर नाही, हद्दीवर आहे. हद्दीच्या आत जो येईल तो. पुढे तोडगा निघाला तोही मोजून: एक महिना पुरुष, एक महिना स्त्री. आणि इलेच्या पोटी पुरूरवा, तिथून चंद्रवंश. एका अटीवर अख्खा राजवंश उभा आहे.
सांजवेळ, तुमच्या मांत्रिकिणीने नेमकं काय बदललं हे आधी ठरवा. शरीर बदललं, बीज बदललं, की जागा बदलली? जागा बदलली असेल तर त्या बेटावर जन्मलेलं कोणाचंही मूल डोहकर होईल, आणि मग सगळं राजकारण ‘बाळंतपणाला कुठे जायचं’ यावर. फक्त शरीर बदललं असेल तर चाळीस माणसं मेली की खेळ खलास. कर्णाला कवचकुंडलं जन्मतः होती, त्याच्या मुलाला, वृषसेनाला नव्हती. घटोत्कचाकडे मात्र राक्षसी आईची मायावी शक्ती आली. दोन्ही नमुने आपल्याकडे आहेत, एक निवडा.

सांजवेळ:
बीज. पिढ्यान्‌पिढ्या चालायला हवं. पण मग कल्ल्यांऐवजी काय देऊ? दम धरून बुडी मारणारे लोक तर असतातच. जादू कुठे दिसेल?

पेन्सिलवाली:
आहेत त्यांच्याकडेच आधी बघा. इंडोनेशिया, फिलिपिन्स, मलेशियाच्या समुद्रात बजाउ लोक आहेत. लाकडी गॉगल आणि वजनं घेऊन सत्तर मीटरपर्यंत जातात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांची प्लीहा, आपल्या भाषेत पाणथरी, किनाऱ्यावरच्या सालुआन शेजाऱ्यांपेक्षा सुमारे ५० टक्के मोठी निघाली. बुडी न मारणाऱ्या बजाउंचीही मोठीच होती, म्हणजे हा नुसत्या सरावाचा परिणाम नाही. पीडीई१०ए नावाच्या जनुकाशी त्याचा संबंध दिसला. बुडी मारली की पाणथरी आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. अंगातला राखीव डबाच म्हणा.
आता जादूचा हात इथे लावा. पाणथरी दीडपट नव्हे, चौपट. बाहेरून काही दिसणार नाही, डाव्या बरगडीखाली थोडा फुगवटा एवढंच. पण परिणाम लगेच सुरू होतात. मोठी पाणथरी बरगड्यांच्या आडोशातून खाली उतरते आणि पोटावर मार बसला तर फुटते. आतल्या आत रक्तस्राव होऊन माणूस जातो. मग डोहकरांच्या कुस्तीत कमरेच्या वर हात लावायचा नाही. पोरांना डाव्या कुशीवर पट्टा बांधायचा. डाव्या बरगडीखाली मारलेली साधी लाथ त्यांच्या कायद्यात खुनाचा प्रयत्न. पोशाख, खेळ, कायदा, तिन्ही एका अवयवातून निघाले. पोटावर थाप मारून हसणारा परका पाहुणा ताटावरून हाकलला जाईल, हा प्रसंग तुम्हाला फुकट.
डोळ्यांसाठी मात्र जादू खर्च करू नका. अंदमान समुद्रातल्या मोकेन या दर्यावर्दी जमातीच्या मुलांना पाण्याखाली युरोपीय मुलांच्या दुप्पट स्पष्ट दिसतं, असं २००३ मध्ये मोजलं गेलं. ती बुबुळातली बाहुली दोन मिलिमीटरच्या आत आवळतात आणि भिंगावर ताण देतात. पुढे युरोपीय मुलांनाही काही आठवड्यांच्या सरावाने ते जमलं. म्हणजे ही तालीम आहे, वंश नाही. डोहकरांबद्दल बाहेरचे लोक ज्याला ‘मंतरलेले डोळे’ म्हणतात ते खरं तर कोणालाही शिकता येतं, हे गुपित कथेत ठेवा.

घोरपड:
+१. कानांचंही बघा. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो. तीस मीटरवर चौपट दाब, सहा लिटर हवेची दीड लिटर होते. कानाचा पडदा आत ओढला जातो. बजाउंपैकी बरेच जण लहानपणीच पडदा फाटू देतात, म्हातारपणी ऐकू कमी येतं. तुमचे म्हातारे डोहकर ठार बहिरे असतील, तर त्यांची पंचायत हातवाऱ्यांनी चालेल. तीच भाषा पाण्याखालीही चालते.

कोरडवाहू:
म्हणजे पंचायतीत ज्याचे हात बांधले त्याचं तोंड बंद. उत्तम.
अवांतर: राक्षसकुळाचा हिशेब कोणी केलाय का? उंची दुप्पट केली की वजन आठपट, पण हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ चौपटच. म्हणजे प्रत्येक हाडावर दुप्पट ताण, मांडी काडीसारखी मोडते. हत्तीसारखे जाड खांब द्यावे लागतील. खाणं मात्र आठपट लागत नाही. ते वजनाच्या पाऊण घाताने वाढतं, म्हणजे पावणेपाच पट. माणसाचे २४०० धरले तर राक्षसाचे साडेअकरा हजार किलोकॅलरी. शंभर ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी साडेतीनशेची धरा. दिवसाला ३३ भाकऱ्या, वर्षाला बारा क्विंटल ज्वारी. कोरडवाहू हेक्टरी आठ-दहा क्विंटल पिकली तर एका राक्षसाला तीन एकर नुसती भाकरीला. शंभर राक्षसांची फौज म्हणजे तीनशे एकर, शिवाय भाकऱ्या थापणार कोण? बकासुराला गाडाभर अन्न लागत होतं ते उगीच नाही.

तिसरा_मजला:
हसून हसून पुरेवाट. आणि पंखवाले?

कोरडवाहू:
माळढोक पंधरा किलोच्या आसपास जातो आणि उडणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांत त्याची गणना होते. साठ किलोच्या माणसाला पंख लावून छातीत तेवढे स्नायू भरले तर तो पाठीवर झोपलेल्या पिंपासारखा दिसेल. कड्यावरून तरंगत उतरू द्या, जमिनीवरून उडवू नका.

गूळपोळी:
मूळ धाग्याकडे या हो. आकडे चुकलेत. चाळीस माणसं, तीनशे वर्षं, आज चार हजार. म्हणजे शंभरपट. त्यासाठी सलग तीनशे वर्षं वर्षाला दीड टक्का वाढ हवी. साथ नाही, वादळ नाही, बाळंतपणात बाई गेली नाही. अर्धा टक्का वाढीने चाळीसाचे १८० होतात. एक टक्क्याने ८००. चार हजारच हवे असतील तर सुरुवात दोनशेंपासून करा, एक टक्का पुरेल.
दुसरं, पंचवीस वर्षांची पिढी धरली तर बारा पिढ्या झाल्या. बारा पिढ्यांमागे प्रत्येकाला कागदोपत्री ४०९६ पूर्वज लागतात आणि तुमच्याकडे आहेत चाळीस. सगळे एकमेकांचे अनेक वाटांनी भाऊबंद. त्याचा परिणाम कसा होतो ते पॅसिफिकमधल्या पिंगेलॅप बेटावर दिसतं. १७७५ च्या सुमाराच्या वादळानंतर तिथे विसेक माणसं उरली. त्यांच्यातल्या एकाकडे पूर्ण रंगांधत्वाचं जनुक होतं. जगात हा प्रकार तीस-चाळीस हजारांत एखाद्याला होतो, तिथे वीस माणसांत एक किंवा त्याहून जास्त. उजेडात डोळे मिटतात, रात्री मात्र काम सोपं. मांत्रिकिणीने असं काही दिलेलं नसतानाही ते येतंच. तुमच्या डोहकरांतही जादूबरोबर असा एखादा बिनबोलावलेला पाहुणा असायला हवा.

ताकाला_जाऊन:
चाळीस माणसांत मामाची मुलगी चालणार नाही म्हटलं तर लग्नच थांबतील.

गूळपोळी:
तेच सांगायला आले होते. बाहेर लग्न करू द्यायचं की नाही, यावर सगळं अवलंबून आहे, आणि त्याचं उत्तर आनुवंशिकतेत आहे. तीन पर्याय.
गुण ठळक असेल, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी पुरतो, तर बाहेर लग्न केल्यावर निदान निम्मी मुलं डोहकर. गुण झाकलेला असेल, दोन्हीकडून यावा लागत असेल, तर बाहेरच्या लग्नात एकही मूल डोहकर दिसणार नाही, पण सगळी तो बाळगतील. यातली गंमत आकड्यांत आहे. एखाद्या मिसळलेल्या राज्यात शंभरात एक डोहकर दिसत असेल, तर शंभरातली आणखी अठरा माणसं तो गुण लपवून फिरत असतात. साध्या शेतकऱ्याच्या घरी अचानक डोहकर मूल जन्मतं ते असं. संशय, भांडणं, नावं ठेवणं, जे हवं ते लिहा.
तिसरा पर्याय मला सर्वांत आवडतो: सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा. त्या जनुकाची एक प्रत असली की मलेरियापासून बरंच संरक्षण, हे संशोधक ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवलं. दोन प्रती आल्या की आजार. गडचिरोली, नंदुरबारकडे आरोग्यखात्याला हे रोजचं आहे. डोहकरांना हेच लावा. एक प्रत असलेला पाणबुड्या. दोन प्रती आलेल्या मुलाची पाणथरी इतकी वाढते की ते दहा वर्षांच्या पुढे जात नाही. डोहकर-डोहकर लग्नात चारात एक मूल असं, दोन पाणबुडे, एक साधं. डोहकर आणि बाहेरची व्यक्ती असं लग्न झालं तर निम्मी पाणबुडी, निम्मी साधी, दगावणारं एकही नाही.

तिसरा_मजला:
वा! हे फार महत्त्वाचं आहे, आणि मी वेगळ्या कारणासाठी म्हणते. मूळ पोस्ट वाचून खटकलं होतं. जन्माने पाणबुडे, पिढ्यान्‌पिढ्या तेच काम, आपसातच लग्न, वेगळी वस्ती. याला आपल्याकडे नाव आहे आणि ते जादू नाही. लेखक शरीराचा फरक खरा करून दाखवतो तेव्हा नकळत म्हणून जातो, ‘बघा, यांचा जन्मच त्यासाठी आहे.’ कल्पित जगात ते सिद्धच होतं, कारण जग तुम्ही बनवलंय. ‘उपजत चोर’, ‘उपजत क्रूर’ जमाती रचणाऱ्यांनी १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवावा. अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, हजेऱ्या लावल्या, १९५२ मध्ये तो रद्द झाला तरी शिक्का गेला नाही. शरीर बदला, स्वभाव बदलू नका.

ताकाला_जाऊन:
म्हणजे आता सगळे डोहकर साधे, सोज्वळ, समजूतदार? वाचणार कोण?

तिसरा_मजला:
सोज्वळ कोण म्हणालं? लबाड डोहकर हवेत, कंजूष हवेत, पाण्याला घाबरणारा डोहकर तर हवाच हवा. फक्त लबाडी पाणथरीतून येऊ नये. गूळपोळींचा तिसरा पर्याय घेतला की ‘रक्त शुद्ध राखा’ म्हणणारा म्हातारा स्वतःच्या नातवंडांना मारतोय, हे गणितानेच दिसतं. शुद्धतेचा आग्रह आणि पोरांचं मरण एकाच घरात. यापेक्षा जास्त नाट्य कल्ल्यांत आहे का?

ताकाला_जाऊन:
हे मान्य. मोदक घ्या.

नकाशेवाला:
आता पैशाचं. राणीने माणसं बदलली ती मोत्यांसाठी, मग मोती कोणाचे? भारत आणि श्रीलंकेमधल्या मन्नारच्या आखाताकडे बघा. मोत्यांची मासेमारी वसंतातले काही आठवडेच चालायची. पाणबुड्या पायाशी दगड बांधून खाली जायचा, वर दोर धरणारा जोडीदार. मार्को पोलोने तिथलं वर्णन केलंय: दहावा हिस्सा राजाचा, आणि विसावा हिस्सा मासे मंत्राने बांधणाऱ्यांचा. मोठ्या माशांनी पाणबुड्यांना खाऊ नये म्हणून हे मांत्रिक नेमलेले. गंमत अशी की मंत्र दिवसापुरताच. रात्री तो उतरवायचा, म्हणजे चोरून बुडी मारणाऱ्याला मासे मोकळे. जादू, पगार आणि चौकीदार, तिघंही एका मंत्रात! पुढे इंग्रजी अमलातही शार्क बांधणाऱ्यांना सरकारी मोबदला मिळत होता.
तुमच्या मांत्रिकिणीच्या वारसदारांना तो विसावा हिस्सा द्या. बदल तीनशे वर्षांपूर्वीच झालाय, नवीन काम काही नाही, तरी हिस्सा चालू. इथे तंटा आपोआप पेटतो.
आणि ‘डोहकर’ हे नाव किनाऱ्यावरच्यांनी दिलेलं असेल. ते स्वतःला काय म्हणतात? बहुधा नुसतं ‘आपण’. आणि बाकीच्यांना ‘कोरडे’.

कोरडवाहू:
माझ्या आयडीवर हा थेट हल्ला आहे. संपादक कुठे आहेत?

घोरपड:
मरण कशाने येतं तेही ठरवा. खोल पाण्यात बुडून नव्हे, बहुतेकदा वर येताना. तीस मीटरवर दाब चौपट असल्याने फुप्फुसात उरलेला थोडा ऑक्सिजनही रक्तात शिरतो. वर येताना दाब उतरला की तोच ऑक्सिजन अपुरा पडतो आणि शेवटच्या काही मीटरांत शुद्ध जाते. आधी सूचना मिळत नाही, कारण गुदमरल्यासारखं होतं ते कार्बन डायऑक्साइड साचल्याने, ऑक्सिजन संपल्याने नव्हे. बुडीआधी भराभर श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड घालवणारे यातच जातात. मोठी पाणथरी उलट फसवते: माणूस जास्त वेळ थांबतो, जास्त खोल जातो, मरण तिथेच, उजेड दिसायला लागतो तिथे. डोहकर पोरांना आधी शिकवतात ती गोष्ट बुडी मारायची नसेल. वर आल्यावर पहिल्यांदा सोडायचा श्वास आणि मग तीन घोट हवा, हीच त्यांची बाराखडी.

सांजवेळ:
सगळ्यांना दंडवत. वाचनखूण साठवली. कल्ले गेले, पडदे गेले, डोळे साधे आणि शिकवलेले. पाणथरी चौपट. सुरुवात दोनशे माणसांनी. गूळपोळींचा तिसरा पर्याय, बाहेर लग्न सक्तीचं, आणि ‘आपल्यातच करा’ म्हणणारा एक आजोबा. बहिऱ्या म्हाताऱ्यांची पंचायत. विसावा हिस्सा.
एक अडकलंय. शेवटच्या मीटरांत शुद्ध जाते म्हणजे दोर धरणारा हवाच. तो कोण? जपानमध्ये होडीवरून बुड्या मारणाऱ्या आमा बायकांचा दोर बहुधा नवऱ्याच्या हातात असायचा असं वाचलंय.

ताकाला_जाऊन:
मेव्हण्याच्या हातात द्या. बहिणीचं कुंकू आहे, सोडणार नाही.

पेन्सिलवाली:
आणि पाणबुडी बाई असेल तर नणंदेच्या हातात? गेलीच ती.

गूळपोळी:
उत्तर तुमच्याच घरात आहे. बाहेरच्या लग्नात निम्मी मुलं साधी निघतात ना? मग दोर साध्या भावंडाच्या हातात. मोठी पाणथरी नाही, म्हणून खाली जाता येत नाही. कान शाबूत, म्हणून दोराला बसलेला हिसका, पाण्यावर आलेला फुसकारा, सगळं त्यालाच ऐकू येतं. आयुष्यभर होडीत बसून भावाचे श्वास मोजायचे आणि मोत्यांत हिस्सा मागायचा तर लोक म्हणणार, तू तर कोरडी.

सांजवेळ:
मिळाली. नायिका बदलते आहे. आतापर्यंत ती पाण्यात होती.